हौसेला मोल असते!

– द्वितीय वर्ष, कला

‘हौसेला मोल नाही’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याने ही म्हण केली, त्याला हौसेचे पैसे स्वतःच्या खिशातून मोजावे लागले नसावेत, असा माझा तर्क आहे. हौसेला मोल असते, आणि पुष्कळदा ते दुसऱ्याच्याच खिशातून जाते. हे शहाणपण मला या वर्षी एका हेडफोनने शिकवले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात हेडफोनविषयी लिहावे हे काहींना खटकेल. परंतु शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय तो दोष द्यावा, ही विनंती.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आबा गेली सव्वीस वर्षे इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. शिक्षणाचा खर्च थोडा हलका व्हावा म्हणून मी संध्याकाळी मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात बसतो. दुकानाच्या मालकांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरचे एक ध्वनिमुद्रक आपला हेडफोन गाद्या बदलण्यासाठी घेऊन आले. तो फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा टी-५०-आर.पी. होता. गाद्या बसवून झाल्यावर ते म्हणाले, “जरा ऐकून बघ, डावा-उजवा सारखा वाजतोय का.” मी ऐकले आणि त्या दिवसापासून माझे अभ्यासातले निम्मे लक्ष गेले, हे प्राध्यापकांची क्षमा मागून कबूल करतो.

साध्या हेडफोनमध्ये एक लहानसा पडदा असतो. त्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकापुढे मागेपुढे हलते. टी-५०-आर.पी.मध्ये असे वेटोळे नाही. एका सपाट पातळ पडद्यावरच विजेची वाट छापलेली असते आणि दोन्ही बाजूंनी चुंबक असतात. पण जगभरातल्या हौशी लोकांमध्ये हा हेडफोन गाजला तो वेगळ्याच कारणाने. तो उघडायला सोपा आहे, आणि आत फेरफार केला की त्याचा आवाज पालटतो. अमेरिकेतल्या डॅन क्लार्क यांनी याच हेडफोनमध्ये फेरफार करून ‘मॅड डॉग’ या नावाने तो विकायला आरंभ केला. पुढे २०१३ साली त्यांनी ‘अल्फा डॉग’साठी त्याच्या वाट्या स्वतः छापून घेतल्या आणि नंतर संपूर्णपणे स्वतःचे हेडफोन बनवले. शिकागोचे झॅक मेहरबाक यांचीही सुरुवात अशीच, याच हेडफोनच्या फेरफारातून झाली. म्हणजे ज्याला आपण ‘खटपट्या’ म्हणून हसतो, त्याच्या खटपटीतून दोन कारखाने उभे राहिले.

फेरफार म्हणजे नेमके काय? हेडफोनची वाटी ही कानावर बसवलेली एक लहानशी खोली आहे, असे समजा. नव्या, रिकाम्या खोलीत बोलले की आवाज घुमतो. त्याच खोलीत गाद्या, चादरी, कपडे आले की घुमणे थांबते. पडद्याच्या मागच्या बाजूने निघालेला आवाज प्लॅस्टिकच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ सुरात मिसळून तो गढूळ करतो. आत फेल्टचा तुकडा किंवा कापूस ठेवला की हे परत येणे कमी होते. वाटीच्या भिंतीला खेळण्यातली चिकणमाती लावली की भिंत जड होते आणि तिचे थरथरणे मंदावते. मात्र फेल्टच्या पातळ थराने फक्त उंच स्वर शोषले जातात. खर्ज त्याला दाद देत नाही. खर्जाचा हिशेब गादीपाशी आहे. गादी आणि गाल यांत फट राहिली की खर्ज गळून जातो. चष्म्याच्या काडीने पडणारी फटसुद्धा त्याला पुरते.

हे सारे परदेशी खूळ आहे असे कुणी म्हणेल. त्यांना मी जवळच्याच मिरजेला घेऊन जाईन. तिथले कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसेने घासून ‘जवारी’ काढतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात आणि तो केसभर मागेपुढे झाला की मुकी तार बोलू लागते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच हातांच्या कसबामुळे. ज्या गावाच्या नावाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ओळखले गेले, त्या गावातल्या पोराने सुताच्या धाग्याचे महत्त्व ओळखू नये काय? आमच्याकडे तर सुताला तोटा नाही!

असो. आता माझ्या फजितीकडे येतो.

टी-५०-आर.पी. घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून साडेसातशे रुपयांचे दोन सारखे हेडफोन घेतले; एक माझा, एक वर्गमित्राचा. माझ्या हेडफोनमध्ये फेल्ट भरले, माती लावली, जाड गाद्या बसवल्या. शिवाय ‘शुद्ध तांब्याची’ म्हणून विकली जाणारी वेणीसारखी गुंफलेली वायर सातशे रुपयांना मागवली. ते पैसे संदर्भग्रंथांसाठी बाजूला ठेवलेले होते. वायर जोडली, गाणे लावले आणि खरोखर सांगतो, पडदा उघडावा तसा आवाज उघडला! मी त्या मित्राला ऐकवले. त्यालाही फरक जाणवला. त्याने मला तशीच वायर आणि तसाच फेरफार करून मागितला. मी वायरचे सातशे आणि मजुरीचे दोनशे असे नऊशे रुपये त्याच्याकडून घेतले. त्याचे वडील हमाली करतात.

पंधरा दिवसांनी ते ध्वनिमुद्रक पुन्हा दुकानात आले. मी मोठ्या उत्साहाने माझी करामत दाखवली. त्यांनी ती नीट ऐकली आणि एवढेच विचारले, “डोळे मिटून ओळखशील का?”

त्यांनी सांगितले तशी आम्ही परीक्षा मांडली. तिसऱ्या एका मित्राचा हेडफोन अजून जसाच्या तसा होता. तो मागून आणला. दोन्हींना एकसारख्या गाद्या बसवल्या. मातीने माझा जड झाला होता, म्हणून दुसऱ्याला नाणी चिकटवून वजन सारखे केले. पुठ्ठ्याच्या भोकात जुन्या मोबाईलचा माइक बसवून दोन्हींचा आवाज शक्य तेवढा समान केला. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसाच्या कानाला जो आवाज किंचित मोठा, तोच चांगला वाटतो, मग तो मोठेपणा वेगळा जाणवण्याइतका नसला तरी! मग मी डोळ्यांवर रुमाल बांधला, हात मांडीवर ठेवले आणि मित्र मागून एकेक हेडफोन चढवू लागला.

निकाल असा. दहा वेळांपैकी नऊ वेळा मला दोन्हींतला फरक ओळखता आला. म्हणजे फेल्ट आणि मातीने खरोखर काही केले होते. पण ‘कोणता चांगला’ या प्रश्नाला मी दहापैकी सहा वेळा न बदललेल्या हेडफोनकडे बोट दाखवले! मी फेल्ट इतके कोंबले होते की गायिकेचा आवाज पांघरुणाखालून येत होता. मग एकाच हेडफोनला जुनी आणि नवी वायर आलटून पालटून लावली. दहापैकी पाच वेळा बरोबर. नाणेफेक केली असती तरी एवढेच गुण पडले असते.

आपल्याकडे म्हणतात की डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते. म्हणजे ऐकलेले खरे मानू नये, पाहिलेले मानावे. हेडफोनच्या बाबतीत हे उलटे आहे. इथे डोळाच कानाला फसवतो. वेणीची सुंदर गुंफण डोळ्याने पाहिली, सातशे रुपये हाताने मोजले आणि मग कानाने निमूटपणे त्यांच्या बाजूने साक्ष दिली.

हे केवळ माझ्यासारख्या अर्धवटाचेच होते असे नाही. अमेरिकेत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांना हीच अडचण आली. हेडफोन डोक्यावर चढवताच त्याचा स्पर्श आणि वजन त्याची ओळख सांगून टाकते. म्हणून त्यांनी एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांचे स्वर हुबेहूब वाजवून ऐकणाऱ्यांना कौल विचारला. २०१७ साली जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि त्याच्या उंच-नीच स्वरांचा तोल यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही. दुसरीकडे, २०१५ साली सेनहायझर या जर्मन कंपनीने जाहीर केलेल्या एच.ई.-१ या हेडफोनची किंमत सुमारे पन्नास हजार युरो होती आणि त्याच्या यंत्राची पेटी इटलीतल्या कराराच्या संगमरवराची! तो उत्तम वाजत असेलच. पण त्या पन्नास हजारांतले किती कानासाठी आणि किती संगमरवरासाठी, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार गरिबालाही आहे.

मग फेरफार करणे सोडावे काय? माझे मत तसे नाही. मी निम्मे फेल्ट काढून टाकले, पुन्हा रुमाल बांधून परीक्षा घेतली आणि या खेपेस दहापैकी आठ वेळा माझ्या बदललेल्या हेडफोनला कौल दिला. त्याला एकूण खर्च आला चाळीस रुपये. जे काम स्वतःच्या हातांनी करता येते, ज्याचे कारण सांगता येते आणि जे डोळे मिटूनही ओळखता येते, ते अवश्य करावे. माझा विरोध आहे तो दुसऱ्या गोष्टीला. आपल्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांना सतत वाटते की चांगले काय हे दुसऱ्या कुणाला तरी कळते. आपल्याला फक्त त्याची किंमत मोजायची आहे. या न्यूनगंडावर कुणीही सातशे रुपयांची वायर विकू शकतो. मीही ती विकलीच की! मित्राचे नऊशे रुपये मी तीन हप्त्यांत परत केले. तो म्हणाला, “राहू दे रे, मला तर चांगले वाजतेय.” त्याचे ते समाधान मला अधिक लागले.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट.

हेडफोन मनासारखा झाला त्या रविवारी मी तो आबांच्या कानांवर चढवला. त्यांच्या आवडीचे जुने नाट्यगीत लावले. आबांनी डोळे मिटले, मान डोलावली. मग आवाज वाढवायची खूण केली. मी वाढवला. त्यांनी पुन्हा खूण केली. शेवटी हेडफोन काढून ते म्हणाले, “आवाज झ्याक हाय रं, पर शब्दच कळंनात.”

अति गोंगाटाने येणारा बहिरेपणा बहुधा सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासच्या स्वरांपासून सुरू होतो. ‘स’ आणि ‘श’ यांसारखे वर्ण ओळखायला हेच उंच स्वर लागतात. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज सर्रास ९० डेसिबलच्या वर असतो. आबा एकेका पाळीला बारा तास तिथे उभे असतात. घरात आई मोठ्याने बोलते. ती रागीट आहे असे मला लहानपणापासून वाटत असे. मी फेल्टच्या तुकड्यांनी जे स्वर नेमके करू पाहत होतो, ते आबांच्या कानांतून केव्हाच गेले होते आणि ते परत आणणारे फेल्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आबांवर तो गोंगाट पोटासाठी लादला गेला. आपण मात्र तो हौसेने विकत घेतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलचा फक्त ४ तास आणि १०० डेसिबलचा अवघी २० मिनिटे. एस.टी.त, रिक्षात, बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण आवाज कुठवर चढवतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. जगातला सर्वांत महाग हेडफोनदेखील याच दोन कानांशी येऊन थांबतो, आणि त्यांत फेरफार करणारा कारागीर मिरजेतही नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. आपल्या संगीत मंडळाने वर्षातून एकदा डोळे बांधून ऐकण्याचा कार्यक्रम ठेवावा. स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायला आणि अविश्वास दाखवायलाही तो शिकवील. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात रक्तदाब आणि मधुमेह यांच्या तपासणीबरोबर माग-कामगारांची श्रवणचाचणी घ्यावी. खात्यांतून कानात घालायच्या बोळ्यांची माहिती द्यावी. बोळ्यांची जोडी वीस-तीस रुपयांना मिळते. आबांसाठी मी ती आणली आहे. “आता घालून काय व्हनार?” असे ते म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना त्यांनी ती खिशात टाकली.