दोन दारे, दोन मुले

गुढीपाडवा आणि दसरा हे गाड्यांच्या व्यवसायातले सर्वात गर्दीचे दिवस. त्या गर्दीत एक्स्चेंजच्या टेबलापाशी एक जोडपे हमखास येते. कडेवर वर्षाचे मूल असते आणि बाहेर लग्नाआधी हौसेने घेतलेली दोन दारांची गाडी उभी असते. कुणाची मिनी कूपर, कुणाची आबार्थ 595, कुणाची बीटल. क्वचित एखाद्याकडे फोक्सवॅगनने 2016 मध्ये भारतासाठी अवघ्या 99 आणलेल्या पोलो जीटीआयपैकी एक. जोडप्याचा प्रश्न सरळ असतो : मूल झाले, आता ही गाडी ठेवावी की काढावी? टेबलामागून उत्तर मिनिटभरात येते, ‘काढा आणि एसयूव्ही घ्या.’ उत्तर देणारा उठून गाडीपर्यंत जात नाही. पुढची सीट वाकवून मागे जागा किती राहते ते पाहत नाही, मोजपट्टी तर काढतच नाही. मूल कोणत्या सीटमध्ये बसते, हेही विचारले जात नाही.

या उत्तरामागे बाजाराचा मोठा अनुभव आहे, हे आधी मान्य करायला हवे. मद्रासला 1961 पासून तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड दोन दारांची होती. मूळच्या ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड सलूनला चार दारे कधीच मिळाली नाहीत, पण भारतात तिची चार दारांची आवृत्ती काढावी लागली. पुण्यात टाटांनी 1991 मध्ये तीन दारांची सिएरा आणली. मागच्या मोठ्या वळणदार काचांमुळे ती आजही लोकांच्या आठवणीत आहे. मात्र त्या काचा उघडत नव्हत्या आणि मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागे. तेच नाव 2025 मध्ये परत आले ते पाच दारे घेऊन. महिंद्रा थारच्या तीन दारांना 2024 मध्ये थार रॉक्सची पाच दारे जोडीला आली. युरोपातही वारे त्याच दिशेचे आहे. पोलोची 2017 ची आणि गोल्फची 2019 ची पिढी फक्त पाच दारांत निघाली. घरात मूल आले की ग्राहक जास्त दारांकडे वळतो, यात शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या पायरीबद्दल. ज्याच्याकडे दोन दारांची चांगली गाडी आधीच आहे, जिचे हप्तेही कदाचित फिटले आहेत, त्याला ती काढायला सांगण्याआधी काही तपासले जाते का?

दोन दारे म्हणजे मुलांसाठी असुरक्षित, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवावा. ग्लोबल एनकॅपने नोव्हेंबर 2020 मध्ये थारचे निकाल जाहीर केले. मागच्या सीटा पुढे तोंड करून असलेल्या त्या तीन दारांच्या गाडीला मुलांच्या सुरक्षेत चार तारे मिळाले. त्याच काळात भारतात विकल्या जाणाऱ्या चार-पाच दारांच्या कित्येक गाड्यांना तेवढे मिळवता आले नव्हते. या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवतात. गुण ठरतात ते सीट किती घट्ट बसते, धडकेत डोके किती पुढे जाते आणि गाडीत मुलांसाठी कोणत्या सोयी दिल्या आहेत यावर. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्येही मुलांच्या सुरक्षेचे 49 गुण स्वतंत्र मोजतात. दारांच्या संख्येला त्यात गुण नाहीत. किंबहुना मागे दारच नसल्याने चालत्या गाडीत मुलाने दार उघडण्याची भीतीही उरत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी : अपघातानंतर मागच्या मुलाला बाहेर काढणे सर्वस्वी पुढच्या माणसांवर आणि पुढच्या सीटच्या खटक्यावर अवलंबून असते. म्हणून अशा गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये दोन्ही बाजूंचा सीट वाकवण्याचा खटका आणि सीटचे रूळ तपासणे हे ब्रेक तपासण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

खरी अडचण भूमितीची आहे. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचा सारा भार मानेवर येतो. मागे तोंड असेल तर तोच भार पाठ आणि डोके मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. म्हणूनच युरोपच्या आर 129 नियमात 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड करून बसवणे सक्तीचे आहे आणि त्यानंतरही जमेल तितके दिवस तसेच बसवावे असे जाणकार सांगतात. ही सीट तिरकी बसते, त्यामुळे लांबीत जागा खाते. छोट्या कूपेमध्ये ती चालकाच्या मागे बसवली तर उंच बापाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. शेजारच्या सीटमागे बसवली तर ती सीट इतकी पुढे घ्यावी लागते की आईला बसणे अवघड होते. तीन दारांच्या मिनीच्या 2014 पासूनच्या पिढीची लांबी 3,821 मिलिमीटर आणि दोन चाकांमधले अंतर 2,495 मिलिमीटर होते. तिच्यात एक सीट नीट बसेल आणि दुसरी बसणार नाही, असे सहज होऊ शकते. माहितीपत्रकावरून हे कळत नाही. त्यासाठी सीट हातात घेऊन गाडीत बसवूनच पाहावी लागते.

तपासताना क्रम असा असावा. आधी मागच्या सीटच्या फटीत हात घालून आयसोफिक्सचे दोन आकडे शोधावेत. त्यांच्यातले अंतर 280 मिलिमीटर असते आणि ते जागतिक मानकाने ठरलेले आहे. मग सीटच्या वरचा पट्टा अडकवायचा टॉप टेदर कुठे आहे ते पाहावे. उतरत्या काचेच्या कूपेमध्ये तो डिकीच्या फरशीवर किंवा सीटच्या पाठीमागे लपलेला असतो. आधाराच्या पायाची सीट असेल तर त्या पायाखालची फरशी भक्कम आहे ना, खाली पोकळ कप्पा नाही ना, हे गाडीच्या पुस्तिकेत पडताळावे. आयसोफिक्स नसेल तर तीन बिंदूंचा पट्टा सीटभोवती फिरवून पुरतो का ते बघावे. शेवटी पुढच्या दोन्ही सीटा रोजच्या जागी आणून आई-बाबांना बसवावे. या साऱ्याला वीस मिनिटे लागतात.

बाळाला उचलून ठेवण्याचा प्रश्न यानंतर येतो आणि रोजच्या वापरात तोच सर्वात जाचतो. वाकायचे, पुढच्या सीटच्या मागून आत शिरायचे, कंबर वळवून दहा-बारा किलोचे मूल मागे न्यायचे आणि पट्टे लावायचे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत आईसाठी हे त्रासाचे आहे. तान्ह्या बाळासाठी आयसोफिक्सचा तळ गाडीत कायम ठेवून वरची टोपलीवजा सीट खटकन बसवणे हा चांगला मार्ग आहे. बाळाचे पट्टे बाहेर, उजेडात, सरळ उभे राहून लावता येतात. हल्ली गोल फिरणाऱ्या सीटची जाहिरात जोरात आहे. ती दाराकडे फिरते हा तिचा फायदा, पण दोन दारांच्या गाडीत सीटशेजारी दारच नसल्याने तो फायदा बराचसा वाया जातो. अ‍ॅक्सेसरी विकणाऱ्याने हे ग्राहकाला आधीच सांगावे.

दीड ते चार वर्षे हा काळ सर्वात अवघड. मूल जड होते, स्वतः चढत नाही आणि मोठी सीट टोपलीसारखी काढता येत नाही. त्यानंतर चित्र पालटते. चार-पाच वर्षांचे मूल स्वतः मागे चढते, बूस्टर सीटवर बसते, मोठ्यांनी फक्त पट्टा पाहायचा असतो. अनेक घरांत ही दोन-अडीच वर्षे काढण्याचाच प्रश्न असतो आणि तेवढ्यासाठी आवडती गाडी तोट्यात विकली जाते. पुढे दहा-अकरा वर्षांच्या उंच मुलाचे डोके उतरत्या काचेला लागू लागते, तेव्हा मात्र मागच्या जागेचा उपयोग खरोखर संपतो. डिकीचे काचेचे झाकण खाली आणताना मुलाचे डोके कुठे आहे ते पाहण्याची सवय तर पहिल्या दिवसापासून हवी.

गाड्या बनवणाऱ्यांनीही या प्रश्नाशी झटापट केली आहे. माझदाने 2003 मध्ये आणलेल्या आरएक्स-8 ला मागे उलटी उघडणारी दोन छोटी दारे दिली आणि स्पोर्ट्स कारमध्ये चार मोठी माणसे बसवली. ह्युंदाईच्या 2011 च्या व्हेलोस्टरला चालकाच्या बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन दारे होती. मिनी क्लबमनच्या 2007 च्या आवृत्तीलाही एका बाजूला असे जादा छोटे दार होते, पण ते सर्व देशांत उजवीकडेच राहिले. ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. तिथे मुलांना नेमके रहदारीच्या बाजूला उतरावे लागे. आपल्याकडच्या दोन दारांच्या गाडीसाठी यातून निघणारा धडा साधा आहे : एकच चाइल्ड सीट असेल तर ती शक्यतो डावीकडे, फुटपाथच्या बाजूला बसवावी.

सामानाचे गणितही ग्राहकापुढे स्पष्ट मांडावे. वर सांगितलेल्या मिनीची डिकी 211 लिटरची, फियाट 500 ची 185 लिटरची. घडी घालून काठीसारखी होणारी बाबागाडी तिरकी ठेवली तर कदाचित मावेल, रुंद चाकांची मावणार नाही. मूल एक असेल तर मागच्या सीटची दुसरी अर्धी पाठ पाडून जागा मिळते. दुसरे मूल आले की ती सोय संपते. टोयोटा जीटी86 च्या आखणीत मागची पाठ पाडून चार टायर मावावेत असा विचार होता. शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी ती जागा तशी योजली होती. तीच जागा एखादे कुटुंब बाळासाठी वापरते तेव्हा सामान कुठे जाणार, हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्या शहरांची आणि हवेची म्हणून काही पथ्ये आहेत. दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये ते पुरते उघडत नाही, म्हणून मुलांना गाडी आत लावण्याआधीच उतरवावे लागते. मागच्या काचा उघडत नाहीत आणि बऱ्याच गाड्यांत मागे एसीची झडपही नसते. वैशाखात नागपूर-अकोल्याला उन्हात उभ्या गाडीत काळी सीट आणि पट्ट्याचे धातूचे कुलूप चटका देण्याइतके तापते. गाडी आधी थंड करावी, कुलपाला हात लावून पाहावा, मगच मूल बसवावे. खाली बसकी गाडी चार माणसे व सामान घेऊन गतिरोधकावर टेकते, तेव्हा दोष सस्पेन्शनचा की हवेच्या दाबाचा हे वर्कशॉपने पाहावे. पूर्ण भारासाठीचा दाब दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या पट्टीवर लिहिलेला असतो.

काही ठिकाणी मात्र ठाम नकारच द्यायला हवा. मागे जागा नाही म्हणून मागे तोंड असलेली सीट पुढे बसवायची असेल आणि त्या बाजूची एअरबॅग बंद करण्याची कंपनीने दिलेली सोय गाडीत नसेल, तर तो विचार तिथेच थांबवावा. फुगणारी एअरबॅग त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. वायर काढून किंवा फ्यूज उपटून एअरबॅग बंद करून देणाऱ्या गॅरेजने ते काम करू नये. मूल मांडीवर घेऊन बसणे हा पर्यायच नाही. चाइल्ड सीट नीट न बसणारी गाडी मुलासाठी नाही, मग ती कितीही प्रिय असो. आणि आपल्याकडे कुटुंब म्हणजे आई, बाबा, मूल एवढेच नसते. गुडघे दुखणाऱ्या आजीला दर रविवारी त्याच गाडीतून न्यायचे असेल, तर चार दारांचीच गाडी सुचवणे योग्य. ‘कूपे’ची हौस असलेल्यांना टाटा कर्व्ह, सिट्रोएन बसाल्ट अशा उतरत्या छपराच्या चार दारांच्या गाड्या आता उपलब्ध आहेत. भारत एनकॅपमध्ये पहिलीला पाच आणि दुसरीला चार तारे मिळाले आहेत.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार 14 वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास 1,000 रुपये दंड आहे. भारतात अशा सीटसाठी एआयएस-072 हे मानकही आहे. तरीही असंख्य शोरूममध्ये सीट कव्हर, फूटमॅट आणि सुगंधाच्या बाटल्या मांडलेल्या असतात, चाइल्ड सीट मात्र नसते. असली तरी खोक्यात बंद असते आणि ती बसवून दाखवणारा माणूस नसतो. दोन दारांच्या गाडीचा प्रश्न या उणिवेमुळे जास्त डोळ्यांत येतो इतकेच. चार दारांच्या एसयूव्हीतही सैल बसवलेली सीट मुलाला वाचवत नाही, आणि अशी सैल सीट पाहूनही गाडी धुऊन परत देणारे वर्कशॉप आपले काम अर्धेच करते.

या अंकाच्या वाचकांत शोरूमचे विक्री सल्लागार आहेत, जुन्या गाड्यांचे व्यापारी आहेत, वर्कशॉपचे सुपरवायझर आणि अ‍ॅक्सेसरी बसवणारे कारागीर आहेत. या सर्वांना एक विनंती. येत्या पाडव्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागी दोन चाइल्ड सीट आणून ठेवाव्यात, एक तान्ह्या बाळाची आणि एक मोठ्या मुलाची. किमान दोन माणसांनी त्या बसवायला शिकाव्यात. पुढच्या वेळी ते जोडपे येईल तेव्हा किंमत काढण्याआधी त्यांच्या गाडीत ती सीट बसवून दाखवावी. बसली तर कशी बसली आणि नाही बसली तर कुठे अडली, हे कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावे.