आवाज वाढला, वाटा आटला

गिटारचा आवाज चढला की बंड झाले, असे मानणारा एक वर्ग डाव्या मंडळींतही आहे. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाचा अर्थ ‘पुरोगामी संगीत’ असा लावणारे भाबडेही त्यातच सापडतात. वास्तविक त्या विशेषणाचा संबंध रचनेतील प्रयोगांशी आहे, राजकारणाशी नव्हे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाची १९७७ च्या जानेवारीत निघालेली ‘अ‍ॅनिमल्स’ ही ध्वनिमुद्रिका या वर्गाला विशेष प्रिय आहे. ती प्रिय असण्यास हरकत नाही. हरकत आहे ती तिचा अर्धाच हिशेब मांडण्याला.

१९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’मधील सिंथेसायझरचे तरल, पसरट थर या मुद्रिकेत मागे सरले आणि कोरडी, खरखरीत गिटार पुढे आली. हा बदल निव्वळ बाजारासाठी झाला, हा आरोप टिकणारा नाही. ब्रिटनमध्ये १९७५ साली महागाई वाढीचा दर २४ टक्क्यांच्या घरात होता. १९७६ च्या अखेरीस मजूर पक्षाच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरांसाठी हात पसरले आणि त्या बदल्यात सार्वजनिक खर्चाला कात्री लावली. ऑर्वेलने १९४५ मध्ये स्टालिनच्या रशियावर रोखलेले पशुरूपक रॉजर वॉटर्सने उचलून भांडवली समाजावरच उलटवले. एकमेकांवर गुरगुरणारे कुत्रे, माजलेली डुकरे आणि हाकली जाणारी मेंढरे यांची कथा मखमली स्वरांत सांगता आली नसती. इथवर सारे प्रामाणिक आहे.

परंतु ध्वनिमुद्रण झाले ते लंडनच्या इझलिंग्टन भागातील ‘ब्रिटानिया रो’ या वाद्यवृंदाच्या स्वतःच्या स्टुडिओत. म्हणजे उत्पादनाचे साधन वादकांच्याच हाती! कोणत्याही कामगार कार्यकर्त्याला हेवा वाटावा अशी ही स्थिती. तिचे फलित काय? मानधनाची वाटणी गीतांच्या संख्येवर होती. डेव्हिड गिल्मरचा मोठा वाटा असलेले ‘डॉग्ज’ हे सतरा मिनिटांचे गीत एकच धरले गेले. वॉटर्सचे ‘पिग्ज ऑन द विंग’ मात्र दीड मिनिटाहूनही लहान अशा दोन तुकड्यांत विभागले गेले आणि ते तुकडे दोन गीते म्हणून मोजले गेले. ‘शीप’चा आरंभ होतो तो रिचर्ड राइट यांच्या इलेक्ट्रिक पियानोने, पण त्या गीताचा कर्ता म्हणून नाव लागले एकट्या वॉटर्सचे. राइट यांच्या नावावर एकही रचना नसलेली ही या वाद्यवृंदाची पहिलीच ध्वनिमुद्रिका. मेंढरांची कैफियत मांडणाऱ्या गीताचा पहिला स्वर ज्याने वाजवला, तोच कर्त्यांच्या यादीतून गळाला.

ही चार कलावंतांची घरगुती भांडणे आहेत, कलेशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. गिरणीमालकही आपल्या ताळेबंदाविषयी हेच म्हणत आले आहेत. समाजाची वर्गवारी करायला निघालेल्या मुद्रिकेला तिच्या स्वतःच्या स्टुडिओतील वर्गवारी विचारायची नाही, हा कुठला न्याय? मालकी सामूहिक असली तरी श्रमाची मोजणी कोण करतो आणि कोणत्या मापाने, हा प्रश्न सुटलेला नसतो. आपल्या सहकारी संस्थांत वावरलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

राइट यांना १९७९ मध्ये वाद्यवृंद सोडावा लागला. १९८० आणि १९८१ मधील ‘द वॉल’च्या प्रयोगांत ते पगारी वादक म्हणून बसले. ते प्रयोग तोट्यात गेले. तोटा तिघा भागीदारांच्या अंगावर पडला आणि कमाई झाली ती फक्त पगारदाराची.