चष्मा कोठून घ्यावा ?

मराठी भाषेंतील 'चाळिशी' हा शब्द मोठा मार्मिक आहे. चाळिशी म्हणजे वयाचीं चाळीस वर्षें, आणि चाळिशी म्हणजे त्या वयांत नाकावर येऊन बसणारा चष्माही. आपल्या पूर्वजांनीं दोहोंस एकच नांव दिलें, कारण त्यांच्या काळीं चष्मा हा प्रौढपणाचा सोबती होता. आतां ती स्थिति राहिली नाहीं. पांचवीच्या वर्गांत नजर फिरविली तरी कित्येक चिमुकल्या नाकांवर चष्मे दिसतात. आजोबांस ज्या वस्तूची गरज चाळिशींत पडली, ती नातवास दहाव्या वर्षींच पडूं लागली आहे. म्हणून चष्मा कोठून घ्यावा, हा प्रश्न केवळ बाजारहाटाचा राहिला नसून पालकांच्या कर्तव्याचा झाला आहे. आणि त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हां शिक्षकांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

शहराच्या पेठेंत सांप्रत चष्म्याचीं दोन प्रकारचीं दुकानें दिसतात. पहिला प्रकार मोठ्या कंपनीच्या नांवाच्या दुकानांचा. पुण्यास, कोल्हापुरास व नागपुरास त्यांची पाटी एकच, दिवे तसेच, नोकरांचा पोषाखही तोच. कडीला कडी जोडावी तशीं तीं गांवोगांव पसरलेलीं असतात, म्हणून त्यांस साखळीचीं दुकानें म्हणतात. ही पद्धति आपल्याकडे अगदींच नवी नाहीं; लॉरेन्स अँड मेयो ही पेढी १८७७ पासून ह्या धंद्यांत आहे. परंतु साखळीचा झपाट्यानें विस्तार झाला तो २००७ सालीं टायटन कंपनी चष्म्यांकडे वळल्यावर, आणि २०१० सालीं लेन्सकार्टनें प्रथम इंटरनेटवरून व पुढें दुकानांतून विक्री सुरू केल्यावर. दुसरा प्रकार एकट्या व्यावसायिकाच्या दुकानाचा. वर त्याचें किंवा त्याच्या वडिलांचें नांव, आंत एक अंधारी खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता; तपासणारा तोच आणि विकणाराही तोच.

साखळीच्या दुकानांस सरसकट नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांच्या किंमती छापील असतात. घासाघीस करतां न येणाऱ्या भिडस्त माणसाची तेथें फसगत होत नाहीं. पावती मिळते. मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं वसतिगृहांत राहिला आणि त्याचा चष्मा खेळतांना मोडला, तर त्या गांवच्या शाखेंतून दुसरा करून घेतां येतो. स्वतंत्र व्यावसायिकाचे गुण निराळे आहेत. तो वर्षानुवर्षें त्याच खुर्चीवर बसलेला असतो. गेल्या तीन वर्षांत मुलीचा नंबर किती वाढला, तिच्या आजोबांस काचबिंदु होता कीं नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. सैल झालेला स्क्रू तो हंसतमुखानें आवळून देतो. साखळींतील परीक्षक मात्र आज येथें तर उद्यां दुसऱ्या शाखेंत. नोंद यंत्रांत राहिली तरी ओळख राहत नाहीं.

एवढ्यावरून निकाल देणें सोपें वाटेल. परंतु आमच्या मतें हा वाद मुळांतच चुकीच्या जागीं मांडला जातो. चष्मा म्हणून जी वस्तु आपण घरीं आणतों, ती दोन भिन्न कामांचें फळ असते. डोळ्यांची परीक्षा हें एक काम, आणि भिंगांची व चौकटीची विक्री हें दुसरें. पहिलें काम विद्येचें आहे, दुसरें व्यापाराचें. जेथें परीक्षा फुकट होते, तेथें परीक्षकाचें पोट विक्रीवरच भरावें लागतें. मग तो कंपनीचा पगारी नोकर असो कीं दुकानाचा धनी असो. 'तुमचा जुना नंबर ठीक आहे, नवा चष्मा नको,' हें वाक्य अशा माणसाच्या तोंडून निघणें कठीण. आम्ही कोणाच्या सचोटीविषयीं संशय घेत नाहीं. परंतु ही व्यवस्थाच अशी आहे कीं तींत सचोटीस रोज कसोटी द्यावी लागते.

शिवाय परीक्षा करणारा कोण, हेंही पाहिलें पाहिजे. ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टिपरीक्षेची विद्या, हिचा पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यांतील शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाचें असतें. २०२१ सालीं झालेल्या केंद्रीय कायद्यानें ऑप्टोमेट्रिस्टांस आरोग्यसेवेंतील व्यावसायिकांमध्यें स्थान दिलें. तरीही 'येथें कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील' अशी पाटी लागली म्हणजे आंत पदवीधर बसला आहे, असें होत नाहीं. तें यंत्र नंबराचा अंदाज देतें. एकामागून एक भिंगें बदलून, रुग्णास विचारून, अंतिम निर्णय माणसानें करावयाचा असतो.

लहान मुलांच्या बाबतींत ह्या भेदाचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. मुलाच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंग फार लवचिक असतें. यंत्रांत पाहतांना मूल नकळत डोळ्यांस ताण देतें आणि उणे नंबर खऱ्याहून अधिक निघूं शकतो. म्हणून मुलाचा पहिला नंबर डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, तो ताण सैल करून, नेत्रवैद्याकडून काढून घ्यावा. एका डोळ्याची दृष्टि मंद राहून तो 'आळशी' झाला असेल, तर त्यावरील उपचार साधारणतः सात-आठ वर्षांच्या आंत सर्वांत चांगला लागू पडतो. पुढें तो अवघड होत जातो. वर्गांत फळ्यावरील आंकडे चुकीचे उतरवून घेणारीं कित्येक मुलें 'ढ' म्हणून गणलीं जातात. दोष बुद्धींत नसून दृष्टींत आहे, हें फार उशीरां कळतें. अशा मुलाच्या डोळ्यांचा निर्णय 'एकावर एक मोफत' ह्या पाटीखालीं उभें राहून दहा मिनिटांत उरकणें, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

वडील माणसांची गोष्टही विसरतां कामा नये. काचबिंदु बहुधा दुखत नाहीं. तो कडेकडेनें दृष्टि कुरतडीत जातो आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मधुमेहानें डोळ्याच्या आंतील पडदा बिघडतो, तोही प्रथम कळून येत नाहीं. १८६२ सालीं स्नेलेन ह्या डच नेत्रवैद्यानें केलेल्या तक्त्यावरील '६/६' ची ओळ बिनचूक वाचणाऱ्या माणसासही हे रोग जडलेले असूं शकतात. नवा चष्मा मिळाला म्हणजे डोळे तपासून झाले, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

तेव्हां आमचें मत असें : परीक्षा आणि खरेदी हीं दोन कामें मनांत तरी निराळीं ठेवावीं. मुलें, मधुमेही, आणि ज्यांच्या घराण्यांत काचबिंदु आहे असे लोक, ह्यांनीं परीक्षेसाठीं नेत्रवैद्याकडे जावें. पुढील वर्षांतील नंबराच्या तपासणीसाठीं, फी घेऊन सावकाश तपासणारा व नोंद ठेवणारा पदवीधर स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्ट सर्वांत बरा. ज्या प्रौढाचे डोळे निरोगी व नंबर स्थिर आहे, त्यानें साखळींतून खुशाल चष्मा घ्यावा. मात्र कोठेंही गेलें तरी तपासणाऱ्याची पदवी विचारावी, आणि नंबराची चिठ्ठी मागून घ्यावी. तींत दोन्ही डोळ्यांचा गोल नंबर, आडवा नंबर असल्यास त्याचा कोन, आणि दोन बाहुल्यांमधील अंतर मिलिमीटरमध्यें लिहिलेलें असावें. ती चिठ्ठी हातीं असली म्हणजे गिऱ्हाईक स्वतंत्र झालें. मग चष्मा कोठूनही घ्यावा. चिठ्ठी देण्यास जो कांकूं करतो, त्याचे दुकान कितीही लखलखीत असलें तरी त्याची पायरी पुन्हां चढूं नये.

'फी कोठून आणावी ?' असें कोणी विचारील, आणि तें विचारणें रास्तच आहे. १९७६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांत शाळांतील मुलांच्या नेत्रतपासणीची व गरजू मुलांस मोफत चष्मे देण्याची योजना आहे. शासकीय रुग्णालयांतही तपासणी होते. पालकांनीं व शाळांनीं तिचा लाभ घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणें जगांत किमान २२० कोटी लोकांस दृष्टिदोष आहे, आणि त्यांपैकीं किमान १०० कोटींचा दोष टाळतां आला असता किंवा त्यावर अद्याप इलाज झालेला नाहीं. ह्या १०० कोटींत आमच्या शाळेचें एकही मूल असूं नये, एवढीच आमची इच्छा.

विद्यार्थिमित्रांनो, फळा अंधुक दिसत असेल तर लाजूं नका. आजच शिक्षकांस सांगा आणि घरीं आईबाबांस सांगा. चौकटीचा रंग तुम्ही हौसेनें निवडा. पण नंबर कोणी व कसा काढला, हें वडीलधाऱ्यांस अगोदर पाहूं द्या.