टाकलेलीं पानें

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला आणि त्याचा निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. खटल्याचा विषय पत्ते हा होता. पत्ते म्हटल्यावर आमच्या वाचकांतील वडील मंडळींच्या कपाळीं आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. मास्तराचा निम्मा जन्म मुलांच्या हातांतून पत्ते काढून घेण्यांतच गेलेला असतो. तरीपण या खेपेस पत्त्यांनींच आम्हांस कांहीं शिकविलें, आणि तें लपवून ठेवणें बरें नव्हे, म्हणून हा मजकूर.

आमचें नगर, ज्यास आतां सरकारदरबारीं अहिल्यानगर म्हणतात, मे महिन्यांत दुपारच्या वेळीं तापल्या तव्यासारखें असतें. घरांतील मुलें मग वाळ्याचे पडदे सोडून माडीवर बैठे खेळ मांडतात. आमचे दोन नातू, थोरला चौदा वर्षांचा व धाकटा अकरा वर्षांचा, हे चुलतभाऊ एकाच घरांत वाढले आहेत. आमच्या भाच्याचा मुलगा अमेरिकेंत असतो. तो कॉलेजांत गेला तेव्हां त्यानें आपल्या लहानपणच्या 'पोकेमॉन' पत्त्यांची पेटी या दोघांस पाठवून दिली. थोरल्यानें थोरपणाच्या अधिकारानें चकचकीत व बलाढ्य पानें स्वतःकडे घेतलीं. उरलेला गाळ धाकट्याच्या वांट्यास आला. रोज दुपारीं डाव मांडावा, रोज धाकट्यानें हरावें आणि रोज तिन्हीसांजेस रडारड व्हावी, असा क्रम सुरू झाला. अखेर त्यानें आमच्याकडे हट्ट धरला, "आजोबा, मला पण एक भारी पत्ता घेऊन द्या ना!" त्या एका पत्त्याची किंमत ऐकून आमचा चष्मा नाकावरून घसरला. सूनबाईंनीं तर सगळी पेटीच रद्दीवाल्यास देण्याचा निश्चय केला. आम्हीं दोन्ही पक्षांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

निवाडा करणाऱ्यानें आधीं कायदा वाचावा, म्हणून आम्हीं धाकट्यास गुरु केलें. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत बावन पानें सर्वांस सामाईक असतात. नशीब काय तें वाटपांत. या खेळांत प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपणच बांधून आणतो. पानें एकंदर 60. एकाच नांवाचीं चारांहून अधिक घ्यावयाचीं नाहींत. साध्या शक्तिपानांस तेवढी ही मर्यादा नाहीं. हजारों निरनिराळ्या पानांतून हीं 60 निवडावयाचीं, म्हणजे निम्मा खेळ पानें पिसण्यापूर्वींच होऊन जातो. अशा तऱ्हेच्या खेळांस 1993 सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाच्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळानें आरंभ झाला, 'पोकेमॉन'चे पत्ते जपानांत 1996 सालीं निघाले.

पानाचा मान त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. 'तीनशे चार' खेळणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, त्यांत गुलामाचे गुण 30, नव्वीचे 20, एक्क्याचे 11, दश्शीचे 10, आणि राजेसाहेबांचे अवघे 3! सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा रंग व 120 पानें. त्यांपैकीं पांच रंगांत राजा व प्रधान यांच्या खालोखाल दहाचें पान, तर उरलेल्या पांचांत एक्का. एका रंगांत जें सर्वांत दुबळें, तेंच दुसऱ्या रंगांत तिसऱ्या मानाचें. मात्र येथें हा मान नियमानेंच आधीं ठरवून दिलेला असतो. नव्या खेळांत तो खेळाडूनें आपल्या बुद्धीनें शोधून काढावयाचा असतो.

धाकट्याचा कॅट आम्हीं सतरंजीवर पसरून पाहिला. जें आवडलें तें एकेक घातलेलें. पन्नासांवर निरनिराळीं पानें, कोणाचा कोणाशीं संबंध नाहीं. आम्हीं पाटी घेतली. आरंभीं हातांत सात पानें येतात. एखादें पान 60 पानांत एकच असेल, तर तें त्या सातांत येण्याचा संभव शंभरांत सुमारें 12. तेंच चार वेळां घातलें, तर सुमारें 40. ज्याच्या भरंवशावर डाव उभारावयाचा, तें पान चार वेळां असलेंच पाहिजे. हें धाकट्यास लगेच पटलें. पण चार वेळां घालण्याजोगें त्याच्याजवळ होतें काय?

पेटीच्या तळाशीं तीन जातींचीं पानें पुष्कळ सांपडलीं. एक पिवळा कोळी, नांव जोल्टिक. एक भोपळा, नांव पम्प्काबू. आणि एक कंदील, नांव लॅम्पेंट. कोळ्याचें प्राणबळ 30, आणि थोरल्याच्या 'ई-एक्स' वीरांचें 170 किंवा 180. शिवाय 'बॅटल कॉम्प्रेसर' नांवाचें एक चमत्कारिक पान होतें: आपल्याच कॅटमधील तीन पानें शोधून आपणच टाकून द्यावींत, एवढाच त्याचा उपयोग.

"आजोबा, हे अगदीं फालतू पत्ते आहेत," धाकटा म्हणाला.

"फालतू कां, तें एकेकाचें सांग."

"कोळी एका फटक्यांत मरतो. आणि हा कॉम्प्रेसर आपलेच पत्ते फेकायला लावतो."

"बरें. कोळ्याच्या अंगावर बारीक अक्षरांत काय लिहिलें आहे, तें वाच पाहूं."

त्यानें वाचलें, आणि वाचतां वाचतां त्याचा आवाज बदलला. तिन्ही जातींच्या अंगीं 'नाइट मार्च' नांवाचा एकच प्रहार आहे. तो प्रहार ज्यांच्या अंगीं आहे, अशीं जितकीं पानें आपल्या टाकलेल्या राशींत पडलीं असतील, त्यांतील प्रत्येकामागें 20 याप्रमाणें तो शत्रूस इजा करतो. म्हणजे आपलींच पानें टाकावयास लावणारें तें खुळें पान येथें दारूगोळा पुरविणारें कोठार ठरतें!

पुढचें गणित त्यानेंच केलें. तिन्ही जातींचीं चार चार मिळून बारा पानें. तीन कॉम्प्रेसरांनीं त्यांतील नऊ टाकलीं, कीं प्रहार झाला 180. एक 'ई-एक्स' वीर गारद. शत्रूनें कोळ्यास मारलें, तर तोही राशींत जाऊन पडतो व मागच्याचा प्रहार 200 होतो. दुसरा पडला, तर तिसऱ्याचा 220. मरणारा मागच्यास बळ देऊन जातो. आतां जय कसा ठरतो तें पाहावें. प्रत्येकाचीं सहा पानें बक्षिसाचीं म्हणून आरंभींच पालथीं ठेवलेलीं असतात. साधा वीर मारला तर त्यांतील एक घ्यावयाचें, 'ई-एक्स' मारला तर दोन. सहाही आधीं घेईल तो जिंकला. तिघांनीं तीन 'ई-एक्स' मारले कीं सहा बक्षिसें पुरीं होतात, आणि तोंवर शत्रूच्या हातीं दोनच लागलेलीं असतात. ही युक्ति आमच्या नातवानें जगांत प्रथम शोधली असें नव्हे. हीं पानें 2014 सालच्या 'फँटम फोर्सेस' या संचांतील असून त्या काळीं अनेक देशांतील स्पर्धांत या कॅटनें भल्याभल्यांस जेरीस आणलें होतें. पण ज्यानें तें ऐकलेलें नाहीं, त्यास तें स्वतः सांपडण्यांत जो आनंद असतो, तो दुसऱ्याचें उत्तर उतरून घेण्यांत नाहीं.

कित्येकदां टाकलेल्या पानास सोबत्याची वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. 'मॅजिक'मध्यें 2006 सालीं 'डार्क डेप्थ्स' नांवाचें एक पान निघालें. बर्फाखालीं एक राक्षस निजलेला. बर्फाचे दहा थर, आणि एक थर काढण्यास खर्च तीन मात्रांचा, म्हणजे एकूण तीस. राक्षस जागा झाला, तर एकाच फटक्यांत प्रतिपक्ष्याचे आरंभींचे वीसही प्राण घेईल; पण तीस मात्रा जमेपर्यंत खेळच संपून जावयाचा. पुढें 2009 सालीं दोन मात्रांत येणारी 'व्हँपायर हेक्समेज' ही जादूगारीण निघाली. स्वतःचा बळी देऊन दुसऱ्या एका पानावरील सर्व खुणा पुसून टाकणें, हें तिचें काम. तिसांचें काम दोनांत झालें! तें पान इतकें प्रबळ झालें कीं, 2011 सालीं निघालेल्या 'मॉडर्न' या स्पर्धाप्रकारांत तें आरंभापासूनच बंद ठेवावें लागलें. पानावरील एक अक्षरही बदललें नव्हतें. बदलली ती संगत.

परंतु टाकलेलें तें सर्वच सोनें, असा समज कोणी करून घेऊं नये. पेटींतील शेंकडों पानें आम्हीं याप्रमाणें तपासलीं. बहुतेक खरोखरच टाकण्याच्या लायकीचीं निघालीं. टाकलेल्या पानास तीन प्रश्न विचारावे. हें कां टाकलें गेलें? त्याचा तोच दोष हवा असणारें दुसरें पान आहे काय? आणि ही सांगड मोडावयाची झाल्यास शत्रू काय करील? तिसऱ्या प्रश्नास भिणाऱ्यानें या वाटेस जाऊं नये. 'नाइट मार्च'वरही 2016 सालीं 'करेन' नांवाचा उतारा निघाला. तें पान टाकलेल्या राशींतील वीरांस पुन्हां कॅटमध्यें मिसळावयास लावतें व सगळा दारूगोळा भिजवून टाकतें. आजच्या प्रमाण-स्पर्धांत तर हीं जुनीं पानें चालतही नाहींत. माडीवरच्या स्पर्धेस मात्र ही अडचण नव्हती.

तेथें अडचण निराळीच निघाली. कंदील तीनच सांपडले. बारांच्या जागीं पानें अकरा. त्यांतील नऊ टाकलीं कीं लढावयास दोनच उरत. दोघांनीं दोन 'ई-एक्स' मारावे, चार बक्षिसें घ्यावीं आणि तेथें डाव अडावा. प्रहारास लागणारें दुहेरी शक्तिपान थोरल्याजवळ होतें. धाकट्यानें दोन रंगीत पानें देऊन तीं चार बदलून घेतलीं. पण चौथा कंदील कोठून आणावा? चार दिवस तो हरतच राहिला. मात्र रडारड थांबली होती. हरल्यावर तो पाटी घेऊन बसे. आपण कां हरलों हें ज्यास ठाऊक असतें, तो फारसा रडत नाहीं.

सहाव्या दिवशीं दुपारीं थोरला आपलें गणिताचें पुस्तक घेऊन माडीवर आला. त्यांत खूण म्हणून घातलेलें एक पान त्यानें काढलें व धाकट्यापुढें टाकलें. तो चौथा कंदील होता.

"दादा, तुला नको हा?"

"मला काय करायचाय? घे."

त्याला काय करावयाचें होतें, तें त्यास पुरतेपणीं ठाऊक होतें. रोज समोर बसून तो त्या अकरांचें गणित पाहत होता. पुढील दोन दिवसांत दहा डाव झाले. त्यांतील चार धाकट्यानें जिंकले. उरलेले सहा थोरल्यानें कोळ्यास शक्ति मिळण्यापूर्वींच मारून जिंकले. त्यासही आतां बारीक अक्षरें वाचावीं लागूं लागलीं होतीं.

तो कंदील पाहून आम्हांस मात्र त्या रात्रीं नीज आली नाहीं. आमच्या वर्गांत फार वर्षांपूर्वीं एक मुलगा होता. शब्द चालविणें त्यास कधींच साधलें नाहीं. तृतीयेच्या पुढें गाडी जावयाची नाहीं. आम्हीं त्यास शेवटच्या बांकावर बसविलें. दुसरा कोणी श्लोक म्हणतांना एखादी मात्रा चुकला, कीं हा खुदकन् हसे. आणि हसतोस काय, म्हणून आम्ही त्यास उभा करीत असूं. वर्गांत वृत्तभंग ओळखणारा कान तेवढा एकच होता, हें आमच्या ध्यानीं आलें तेव्हां त्यास शाळा सोडून दोन वर्षें झालीं होतीं. 'हा कां हसतो?' हा एक प्रश्न आम्हीं त्यास विचारला नाहीं. त्याचें पुढें काय झालें, आम्हांस ठाऊक नाहीं. योजक दुर्मीळ असतो, असें सांगणारें सुभाषित आम्हीं वर्गावर अनेकदां अर्थासह शिकविलें; तेव्हां तो मुलगा मागच्या बांकावरच बसलेला असे.

असो. निवाडा असा झाला: भारी पत्ता घ्यावयाचा नाहीं, आणि पेटी रद्दींत द्यावयाची नाहीं. सूनबाईंनीं तो मान्य केला, एवढेंच म्हणाल्या, "मग थोरल्याच्या पुस्तकांत खुणेला आतां काय घालायचें?" धाकट्यानें आपला सर्वांत चकचकीत पत्ता आणून दिला.