उपवास सुटला म्हणून काम सोडू नका

मंडळी, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून ४० दिवस ख्रिस्ती घरांत उपवासाचे. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती होते, कुणी मटण सोडतं. चांगलंच आहे. पण हे दिवस फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. शेतकऱ्याला ठाऊक आहे, पाणी अडवायच्या कामांचा हंगाम हाच.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जेसुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी गावोगावच्या लोकांना सोबत घेऊन पाणलोटाची कामं उभी केली. त्यातूनच १९९३ साली 'वॉटर' ही संस्था निघाली. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी साऱ्या गावाला सारख्याच होत्या; त्यात जातधर्म नव्हता.

चर्चच्या तरुण मंडळांनी हे ध्यानात घ्यावं. एक दिवस रोपं लावून फोटो काढला, की सेवा झाली असं नाही. दर शनिवारी दोन तास चर खोदा, बंधाऱ्यातला गाळ उपसा. सरपंचांनी जागा दाखवावी, जाणकाराकडून आखणी करून द्यावी. पोरं आली तर त्यांना एकटं सोडू नका. आपली कुदळ घेऊन तुम्हीही जा.

आणि पोरांनो, पहिल्या पावसानंतर कुठला चर फुटला, ते बघायला पुन्हा या. ईस्टरला उपवास सुटतो, काम सुटू नये.