पहिला नंबर, पण फटाके नकोत

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली, तेव्हा गिला वडा खाता खाता एकानं विचारलं, ‘‘काहून भाऊ, हे आपलीच अमरावती होय काय?’’ होय, आपलीच! 2023 मध्ये पहिली, 2024 मध्ये दुसरी आणि 2025 मध्ये पुन्हा पहिली. याला लॉटरी म्हणत नाहीत. पण अमरावतीकराला कौतुक पचत नाही. चष्म्यावरची धूळ शर्टाच्या टोकानं पुसत तो आधी उखडलेला रस्ता दाखवणार. त्याचं अगदीच चुकतं असं नाही. कारण सर्वेक्षणातले गुण नुसत्या हवेच्या मोजणीचे नाहीत. घनकचरा, रस्त्यावरची धूळ, बांधकामाचा मलबा, वाहनांचा धूर यांवर महापालिकेनं काय काम केलं, हेही त्यात तपासलं जातं. हे सर्वेक्षण ज्या 130 शहरांत झालं, त्यांत शेजारचं अकोलाही होतं. तिथला सोयरा म्हणतो, ‘‘आमच्या इथं उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जाते, हवा चोखी असो का मयकी, भाजतेच ना बापा!’’ थट्टा पुरे. पुरस्कार महापालिकेला मिळाला, पण श्वास आपल्यालाच घ्यायचा आहे. तेव्हा नंबराच्या आनंदात फटाके फोडू नका आणि गल्लीच्या कोपऱ्यावर कचरा पेटवणाऱ्याला, तो आपला भाऊबंद असला तरी, तिथंच हटका.