ओझे वाहायचे की डोंगर चढायचा?

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले आणि नाशिककरांच्या एका जुन्या प्रश्नाची सारी आकडेमोड बदलली. घर गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरात, द्राक्षबाग दिंडोरीकडे, कांद्याचे क्षेत्र निफाड-चांदवडकडे, अशी कुटुंबे या शहरात थोडी नाहीत. अशा घरात दुसरे वाहन घ्यायची वेळ आली की वडिलांचा कल पिकअपकडे असतो आणि मुलाचा डोळा ‘थार’वर. एकाला क्रेटचा हिशेब दिसतो, दुसऱ्याला सह्याद्रीच्या घाटवाटा. हा वाद केवळ पिढ्यांचा असता तर तो घरातच मिटला असता. वस्तुत: त्यात कर, विमा, परवाना आणि माणसांचे जीव अशा गोष्टी गुंतल्या आहेत, आणि त्यांची चर्चा गाडीच्या रंगाच्या चर्चेइतकीही होत नाही.

नाशिकला हा प्रश्न विशेष जवळचा असण्याचे आणखी एक कारण आहे. ‘थार’ बनते ती नाशिकच्याच कारखान्यात. ‘स्कॉर्पिओ’ आणि ‘बोलेरो’ यांचाही या शहराशी असाच संबंध. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ‘विलिज जीप’ची जुळणी सुरू केली. पुढे जीप हा शब्द मराठीत इतका मुरला की निवडणुकीची जीप, सरकारी जीप आणि काळी-पिवळी जीप ही तिन्ही एकाच कुळातली वाटू लागली. त्या जीपने माल वाहिला, माणसे वाहिली आणि डोंगरही चढला. आज त्या एका वाहनाची दोन वाहने झाली आहेत: एक ओझ्याचे, दुसरे आडवाटेचे. दोन्ही कामे एकाच गाडीने करावीत ही अपेक्षा मात्र ग्राहकाच्या मनातून गेलेली नाही, आणि निवड चुकते ती बहुधा इथेच.

दोहोंच्या सांगाड्यात फारसा फरक नाही. दोन्ही गाड्या शिडीसारख्या पोलादी चौकटीवर उभ्या असतात. फरक आहे तो मागच्या चाकांवर. पिकअपच्या मागे एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात आणि ते टन-दीड टन माल डोक्यावर घेण्यासाठीच घडवलेले असतात. हौद्यात माल भरला की ते नीट बसतात आणि गाडी रस्त्याला धरून चालते. हौदा रिकामा असला की हेच पाटे ताठ राहतात, गाडी उसळते आणि मागच्या चाकांवर पुरेसे वजन नसल्याने ओल्या चढावर ती चाके जागच्या जागी फिरतात. म्हणूनच पावसाळ्यात रिकामा पिकअप नेताना जुने चालक मागे वाळूची चार पोती टाकतात. या उपायात अडाणीपणा काही नाही, त्यामागे चोख पदार्थविज्ञान आहे.

आडवाटेच्या गाडीचे गणित उलटे. ‘थार’ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. खड्ड्यात एक चाक खाली गेले तरी दुसरे जमीन सोडत नाही, हा त्यांचा उपयोग. लांबी ३,९८५ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४५० मिलिमीटर, जमिनीपासून पोटाची उंची २२६ मिलिमीटर, पुढचा चढण्याचा कोन सुमारे ४२ अंश आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. या आकड्यांचा अर्थ असा की नाल्याचा काठ चढताना बंपर जमिनीत रुतत नाही आणि बांध ओलांडताना पोट टेकत नाही. याउलट टोयोटा ‘हायलक्स’सारखा दुहेरी केबिनचा पिकअप ५,३२५ मिलिमीटर लांब आहे. तो ७०० मिलिमीटर पाण्यातून जातो, त्याची यंत्रणा भक्कम आहे, पण चाकांमधले अंतर तीन मीटरहून अधिक असल्याने उंचवट्यावर पोट अडकण्याची भीती त्याला जास्त. आणि भद्रकालीत किंवा पंचवटीच्या गल्लीत तो वळवायचा कसा, हे दालनातील विक्रेता सांगत नाही.

मात्र ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ या शब्दांभोवती जो दबदबा निर्माण झाला आहे तो थोडा तपासून घ्यायला हवा. निफाडची काळी माती पाऊस पडल्यावर टायरच्या खाचांत अशी भरते की चारही चाके गुळगुळीत होतात. तिथे किती चाके ओढतात यापेक्षा टायर कोणता आहे आणि गिअर किती संथ आहे हे महत्त्वाचे ठरते. आडवाटेच्या गाडीत संथ गतीचा जोड-गिअर असतो आणि तिची खरी ताकद त्यातच आहे. नाशिक जिल्ह्याच्या शिवारातले खरे आडवाटेचे वाहन विचाराल तर ते ट्रॅक्टर. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारला २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजना आणावी लागली, यातच त्या रस्त्यांची अवस्था कळते.

आता कराकडे. नव्या रचनेत मालवाहू वाहनांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. प्रवासी गाड्यांत चार मीटरच्या आतील लांबी आणि १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे डिझेल किंवा १,२०० पर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर १८ टक्के, अन्यथा ४० टक्के. परिणाम मोठा गमतीचा आहे. दीड लिटर डिझेल इंजिनाची, केवळ मागची दोन चाके ओढणारी ‘थार’ १८ टक्क्यांत बसते. चारही चाके ओढणारी, मोठ्या इंजिनाची तिची जुळी बहीण ४० टक्क्यांत जाते. रस्त्यावर दोघी सारख्याच रुबाबदार दिसतात. कायदा चाके मोजत नाही, इंजिनाचे आकारमान मोजतो. पण ग्राहकाच्या खिशाला मात्र चाकांचीच किंमत मोजल्यासारखे होते. डोंगर चढायचाच नसेल आणि नुसता रुबाब हवा असेल, तर तो आता स्वस्त झाला आहे.

व्यापारी आणि शेतकरी यांच्यासाठी हिशेब पुन्हा वेगळा. जीएसटी नोंदणी असलेल्या द्राक्ष-निर्यातदाराला किंवा कांदा व्यापाऱ्याला मालवाहू वाहनावर भरलेला कर आपल्या देय करातून वळता करून घेता येतो. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर ही सवलत सहसा मिळत नाही. स्वत:चा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला मुळात नोंदणीच लागत नाही, त्यामुळे हा लाभ त्याच्या वाट्याला येत नाही. रस्ता-कराचीही तीच तऱ्हा. महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीच्या डिझेल गाडीवर किमतीनुसार १३ ते १५ टक्के कर पडतो, तर मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांसाठी ७ टक्के एकरकमी कर प्रस्तावित झाला. खरेदीच्या दिवशी पिकअप स्वस्त पडतो तो असा.

पुढची वर्षे मात्र पिवळ्या पाटीची आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मालवाहू वाहनाचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. टोलनाक्यावर हलके मालवाहू वाहन मोटारीपेक्षा वरच्या दरात मोजले जाते. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास, सुरुवातीस ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा, फक्त खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. घोटीमार्गे मुंबईला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याने हा फरक कागदावर मांडून पाहावा. परवान्याच्या बाबतीत तेवढा दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, ही २०१७ ची भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केली. तोवर अपघातानंतर विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाई नाकारू पाहत असत.

परंतु विम्याचा खरा प्रश्न चालकाच्या परवान्याचा नाही, हौद्यातल्या माणसांचा आहे. द्राक्षांच्या हंगामात पहाटे पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर पिकअपच्या मागे उभे राहून बागेत पोहोचतात. लग्न, दशक्रिया आणि देवदर्शनालाही तेच वाहन निघते, कारण ते दारात उभे असते आणि त्यात वीस माणसे मावतात. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या द्वारका येथील उड्डाणपुलावर धार्मिक कार्यक्रमाहून परतणाऱ्यांचा टेम्पो लोखंडी सळ्या नेणाऱ्या ट्रकवर मागून आदळला आणि तरुण मुले दगावली. शहर हळहळले, सळ्यांच्या वाहतुकीवर चर्चा झाली. मागे बसलेल्या माणसांना पट्टा नव्हता, आसन नव्हते आणि डोक्यावर छत नव्हते, याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

कायदा याबाबत निष्ठुर आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केले की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले, पण बागेकडे निघालेल्या मजुराबरोबर माल कुठला? न्यायालये काही वेळा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगतात. म्हणजे शेवटी ओझे मालकावरच. मजुराच्या घरी भरपाई पोहोचणे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून, आणि मालकाची बाग एका अपघाताने विक्रीला निघण्याची शक्यता. पिकअप घेणाऱ्या शहरी कुटुंबाने ‘आपण कधी माणसे नेणार नाही’ असे ठरवले तरी हंगामात मुकादम काय करतो, यावर घरी बसून नियंत्रण ठेवता येत नाही.

आडवाटेच्या गाडीचा धोका वेगळ्या जातीचा. ती घेऊन जायचे कुठे? अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हरिहर, ब्रह्मगिरी, साल्हेरच्या परिसरातली बरीच जमीन वनखात्याची आहे. तिथे चाके रस्त्याबाहेर घालणे म्हणजे साहस नव्हे, गुन्हा ठरू शकतो, आणि पावसाळ्यातील गवताळ पठारावर एकदा उमटलेली चाकोरी पुढे ओहोळ बनते. हौस भागवायची तर तिच्यासाठी आखलेली जागा हवी. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमी उभारली ती याच गरजेतून. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच गाड्या कॉलेज रोडच्या सिग्नलवरच दिसतात. चार आसने, मागे दोन पिशव्यांपुरती जागा. सासू-सासरे आणि दोन मुले असलेल्या घराला ती गाडी एकटी पुरत नाही.

मधला मार्ग नाही असे नाही. पाच आसने आणि मागे सुमारे टनभर माल घेणारा ‘बोलेरो कॅम्पर’ बांधकाम ठेकेदारांचा आणि वीज वितरणाच्या कामांचा लाडका आहे. मजूर केबिनमध्ये, अवजारे हौद्यात आणि आसनसंख्या नोंदणी पुस्तकात. त्याला रुबाब नाही, ही त्याची एकमेव अडचण. इसुझु ‘व्ही-क्रॉस’ २०१६ मध्ये आली, ‘हायलक्स’ २०२२ मध्ये. दोन्हींची खासगी म्हणून नोंदणी होते आणि त्या रुबाबातही कमी नाहीत. पण त्यांच्या किमतीत एक साधा पिकअप आणि एक बरी मोटार अशी दोन वाहने येतात. अमेरिकेत पिकअप हे घरगुती वाहन झाले त्यामागे परदेशी हलक्या ट्रकवर १९६४ पासून लागू असलेला २५ टक्के आयातकर, रुंद रस्ते आणि महाग मजुरी होती. नाशिकला यांपैकी काही नाही. चार महिने पाऊस मात्र आहे, आणि उघड्या हौद्यातले सामान भिजते.

तेव्हा खरेदीपूर्वी एक वही घेऊन गेल्या वर्षातले दिवस मोजणे बरे. छाटणी, फवारणी, काढणी मिळून स्वत:चा माल किती दिवस हलला? असे दिवस मोजकेच असतील, तर पिंपळगाव-लासलगावच्या बाजारपेठेत भाड्याचा पिकअप सहज मिळतो आणि त्याच्या पासिंगची, टायरची व चालकाची चिंता दुसऱ्याची असते. वर्षभर टोमॅटो, भाजीपाला आणि खत अशी ये-जा असेल तर पिकअपला पर्याय नाही. मग मजुरांसाठी वेगळ्या वाहनाचा खर्च त्याच वहीत, त्याच पानावर लिहावा लागेल. आणि डोंगराचे दिवस मोजताना ज्या वाटेवर साधी मोटार खरोखर अडली तेवढेच दिवस धरावेत. बऱ्याच वह्यांत तो रकाना रिकामा राहील. तरीही मुलाला ‘थार’ हवीच असेल तर ती हौस म्हणून घ्यावी, शेतीच्या नावाखाली नव्हे. म्हणजे निदान कांद्याच्या गोण्या तिच्या मागच्या आसनावर कोंबण्याची वेळ येणार नाही.